लाकडावरील कोरीव काम: हत्यारांच्या मांडणीमागचे शास्त्र

लाकडावर नक्षी कोरणाऱ्या कारागिरासमोर एका वेळी पंधरा-वीस पटाश्या मांडलेल्या असतात. पाहणाऱ्याला त्या सर्व सारख्याच वाटतात. कारागीर मात्र लाकडावरची नजर न हलवता हात पुढे करतो आणि हवी तीच पटाशी उचलतो. ही किमया जितकी हाताच्या सवयीची, तितकीच हत्यारे ठेवण्याच्या पद्धतीची असते. या पद्धतीचा संबंध टापटिपीपेक्षा कामाच्या दर्जाशी, कारागिराच्या बोटांशी आणि त्याच्या दिवसाच्या कमाईशी अधिक आहे.

या विषयाला अलीकडे एक नवे निमित्त मिळाले आहे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, मूर्तिकार, बाहुल्या व खेळणी बनवणारे कारागीर अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला. प्रशिक्षणाच्या आरंभी हत्यारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर देण्याची तरतूद या योजनेत आहे. हत्यारे हाती आल्यावर ती राखायची कशी, हा मात्र पुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही संचाबरोबर मिळत नाही.

देशात लाकडावरील कोरीव कामाची अनेक केंद्रे आहेत. काश्मीरचे अक्रोडाच्या लाकडावरील काम, उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे शिसमावरील काम, कापडावरील छपाईसाठी लाकडी ठसे कोरणारे गुजरातमधील पेठापूर आणि मूर्तिकामासाठी प्रसिद्ध असलेले तमिळनाडूतील कळ्ळक्कुरिची या सर्वांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. प्रत्येक ठिकाणचे लाकूड वेगळे, नक्षी वेगळी आणि हत्यारांची नावेही वेगळी. परंतु पटाशी बोथट का होते, हरवते का आणि हाताला लागते का, या प्रश्नांची उत्तरे श्रीनगरपासून कळ्ळक्कुरिचीपर्यंत सारखीच आहेत.

इतकी हत्यारे लागतात कशाला?

साध्या सुतारकामातील पटाश्या मुख्यतः रुंदीने वेगळ्या असतात. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची एवढे सांगितले की काम भागते. कोरीव कामातील पटाशीला मात्र तीन गुण असतात: धारेची रुंदी, धारेची गोलाई आणि पात्याचा बाक. सरळ पात्याची पटाशी उघड्या पृष्ठभागावर चालते. खोलगट जागेत तिची मूठ लाकडाला अडते, तेथे चमच्यासारखी वाकवलेली पटाशी लागते. या तीन गुणांच्या जोड्या लावत गेल्यास संख्या सहज शंभराच्या पुढे जाते. त्यांतली प्रत्येक कोणत्याही कारागिराकडे नसते, पण तीस-चाळीस हत्यारे असणे ही नवलाईची गोष्ट नाही.

येथे कोरीव कामाचे एक मूलतत्त्व लक्षात घ्यावे लागते. अनुभवी कारागीर पानाची किंवा पाकळीची कड पुष्कळदा रेखून मग सावकाश कापत बसत नाही. त्या कडेच्या गोलाईशी जुळणारी पटाशी उभी धरून तो एकच ठोका देतो. लाकडावर उमटणारी रेषा ही हत्याराच्या धारेचीच छाप असते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरील सागवानी नक्षीकाम पाहिले, तर एकच आकृती पुनःपुन्हा येत असताना तिचा तोल कसा राखला जातो हे ध्यानात येते. अशा कामात दहाव्या पाकळीला चुकून थोड्या अधिक गोलाईची पटाशी लागली, तर ती पाकळी शेजारणीपेक्षा फुगीर दिसते. लाकूड एकदा गेले की परत बसवता येत नाही. म्हणून हवी ती पटाशी नेमकी हाती येणे हा नक्षीचाच भाग आहे.

पटाश्यांना नावे देण्याऐवजी क्रमांक देण्याची पद्धत इंग्लंडमधील शेफिल्ड या पोलाद-उद्योगाच्या शहरात रूढ झाली. तेथील कारखानदारांच्या एकोणिसाव्या शतकातील सचित्र सूच्यांमधून ती जगभर गेली आणि आजही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक परदेशी बनावटीच्या पटाश्यांवर दोन आकडे असतात. पहिला गोलाईचा, दुसरा रुंदीचा. १ म्हणजे सपाट, २ म्हणजे तिरक्या धारेची, ३ म्हणजे जेमतेम गोलाई असलेली. पुढे गोलाई वाढत जाऊन ९ हा आकडा साधारण अर्धवर्तुळाचा होतो, तर १० आणि ११ यांचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा खोल असतो.

या पद्धतीत एक गोम आहे. एकाच क्रमांकाच्या दोन पटाश्या रुंदीने वेगळ्या असतील, तर त्यांची गोलाई एकाच वर्तुळाची नसते. क्रमांक वर्तुळाचा किती भाग हे सांगतो, वर्तुळ केवढे हे सांगत नाही. शिवाय निरनिराळ्या देशांच्या कारखान्यांचे क्रमांक एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आपल्याकडे स्थानिक लोहाराकडून घडवून घेतलेल्या किंवा कारागिराने स्वतः बनवलेल्या पटाश्यांवर तर कोणताच आकडा नसतो. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून हत्यारे लावणे पुरेसे ठरत नाही.

यावर एक अत्यंत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. प्रत्येक पटाशीची धार शाईच्या गादीवर हलकेच टेकवून जाड कागदावर तिचा ठसा घ्यावा आणि त्याशेजारी आपला क्रमांक लिहावा. तोच क्रमांक मुठीच्या टोकावर घालावा. सगळ्या हत्यारांचे ठसे एका तक्त्यावर आले की तो तक्ता भिंतीवर लावता येतो. नक्षीचा कागद त्याशेजारी धरला की कोणती कड कोणत्या हत्याराने येईल हे लाकडाला हात लावण्यापूर्वीच ठरवता येते. ठसे घेतल्यावर धार पुसून कोरडी करायला मात्र विसरू नये, कारण अनेक प्रकारच्या शाईत पाणी असते.

मूठ कोणीकडे, धार कोणीकडे

मांडणीबाबत कारागिरांत दोन पक्ष आहेत. धार आपल्याकडे आणि मूठ पलीकडे अशी पटाशी ठेवावी, असे एक पक्ष म्हणतो. कारण उघड आहे: हत्यार धारेवरून ओळखायचे असते आणि मुठी समोर असतील तर वीस मुठी पाहून काहीच कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की हात पुढे नेताना तो धारांच्या रांगेवरून जाणे धोक्याचे आहे, म्हणून मूठ आपल्याकडे हवी.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. उंच टेबलाशी उभे राहून काम करणाऱ्याला पहिली पद्धत सोयीची पडते, कारण हत्यारांची रांग टेबलाच्या पलीकडच्या कडेला असते आणि तेथे हात जपूनच जातो. आपल्याकडे अनेक पारंपरिक कारागीर जमिनीवर बसून, कित्येकदा पायाच्या पंजांत लाकूड धरून काम करतात. तेथे हत्यारे मांडीशेजारी असतात. अशा बैठकीत धार आपल्याकडे ठेवणे म्हणजे ती आपल्याच पायाकडे ठेवणे होय. म्हणून जमिनीवर बसणाऱ्याने मूठच आपल्याकडे ठेवावी, हे अधिक श्रेयस्कर. मात्र एकदा ठरवलेली दिशा बदलू नये. अर्धी हत्यारे इकडे तोंड करून आणि अर्धी तिकडे, ही सर्वांत घातक मांडणी आहे.

मुठीवरून हत्यार ओळखण्याची अडचण जुन्या कारागिरांनी आपल्या परीने सोडवली होती. एकसारख्या मुठींचा संच दुकानात देखणा दिसतो, पण कामाच्या वेळी त्याचा उपयोग नसतो. कोणी एका पटाशीला सागाची मूठ बसवतो, दुसरीला शिसमाची. कोणी एकीवर खाच पाडतो, दुसरीवर दोऱ्याचे वेढे देतो. बोटांना स्पर्शानेच फरक कळावा हा हेतू. गोल मुठीपेक्षा अष्टकोनी मूठ चांगली, कारण ती घरंगळत नाही. गोल मूठच असेल तर तिची एक बाजू रंध्याने किंचित सपाट करून घेतली तरी पुरते.

रांगेतील क्रम कोणता असावा, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. सपाटकडून गोलाईकडे हा क्रम बहुतेकांना लवकर अंगवळणी पडतो. वापरलेले हत्यार आपल्याच जागी परत जाते की नाही, एवढेच महत्त्वाचे.

एका वेळी थोडीच हत्यारे

चाळीस हत्यारे जवळ आहेत म्हणून चाळीसही बाहेर काढून ठेवणे ही नवशिक्याची खूण मानली जाते. कोरीव काम टप्प्याटप्प्याने पुढे जाते. आरंभी नको असलेले लाकूड काढून टाकायचे असते. तेथे रुंद, खोल गोलाईच्या दोन-तीन पटाश्या आणि लाकडी हातोडा एवढेच लागते. त्यानंतर आकृतीची कड उभी कापून घेणे, मग भोवतालची जमीन खाली नेऊन सारखी करणे, मग पाना-फुलांना उठाव देणे आणि शेवटी शिरा, केसर, डोळे असे बारकावे. प्रत्येक टप्प्यावर सहा ते दहा हत्यारे पुरतात. टप्पा संपला की ती आत जातात आणि पुढच्या टप्प्याची बाहेर येतात.

या अदलाबदलीत पाच-दहा मिनिटे जातात आणि नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराला ती वाया गेल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात हा वेळ वसूल होतो. गर्दीत एक पटाशी दुसरीवर आपटून धारेला खाच पडली, तर ती काढण्यासाठी केवळ खाचेपुरती घासाई करून भागत नाही. खाच अर्धा मिलिमीटर खोल असेल, तर सगळी धार अर्धा मिलिमीटर मागे न्यावी लागते आणि तीही मूळची गोलाई न बिघडवता. विजेच्या चाकावर हे काम झटपट उरकायला जावे, तर साध्या पोलादाची धार तापून निळसर पडते आणि तिचे पाणी उतरते. अशी धार पुन्हा टिकत नाही. वडिलांच्या हातची किंवा स्वतः घडवलेली पटाशी असेल, तर तशीच दुसरी बाजारात मिळण्याची शक्यताही नसते. खाच पडलेल्या पटाशीने काम रेटले, तर प्रत्येक घावात लाकडावर एक बारीक पांढुरकी रेघ उमटत राहते. पॉलिश केल्यावर ती अधिकच उठून दिसते.

म्हणून धार लागेल ती लाकडाला, दगडाला किंवा चामड्याला. दुसऱ्या लोखंडाला कदापि नाही, हा नियम पाळावा. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. फळीच्या एका तुकड्यावर दोन-दोन इंचांवर आडव्या पट्ट्या ठोकून खाचा केल्या की प्रत्येक पटाशीला स्वतंत्र घर मिळते. जमिनीवर काम करणाऱ्यांना अशी फळी गोणपाटापेक्षा केव्हाही सोयीची. गोणपाट ओल धरून ठेवते आणि त्याच्या सुरकुत्यांत हत्यारे एकमेकांवर सरकतात.

धार काढण्याच्या साधनांनाही याच मांडणीत कायमची जागा असावी. न्हाव्याच्या वस्तऱ्यासाठी असते तशी चामड्याची पट्टी एका लाकडी फळीवर चिकटवून, तिच्यावर धार चमकवण्याची पूड किंवा मसाला लावून, ती उजव्या हाताशी ठेवतात. हत्यार खाली ठेवण्यापूर्वी पट्टीवरून दहा-बारा वेळा मागे ओढायचे आणि मगच त्याच्या जागी ठेवायचे, अशी सवय असली तर दगडापर्यंत जाण्याची वेळ फार क्वचित येते. हीच पट्टी कपाटात ठेवली, तर ती वापरली जात नाही. मनुष्यस्वभावच तसा आहे. गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी गोल कडेचा छोटा दगड लागतो. तोही पट्टीशेजारीच असावा.

ढलप्या आणि दुखापती

कोरीव कामात ढलप्यांचा खच पडतो आणि त्याखाली लहान हत्यारे दिसेनाशी होतात. बारकाव्यांसाठी वापरली जाणारी तीन-चार मिलिमीटरची पटाशी केरात जाऊन चुलीत पोहोचली, असे घडू शकते. त्याहून वाईट म्हणजे ढलप्या हाताने सारताना खाली दडलेली धार बोटाला लागणे. ढलप्या झाडण्यासाठी नेहमी कुंचा वापरावा. तोंडाने फुंकर मारल्यास कण उडून डोळ्यांत जातात. दिवसाचे काम संपल्यावर आधी हत्यारे मोजावीत आणि मगच केर काढावा. शस्त्रक्रियेच्या दालनात जशी उपकरणांची मोजदाद होते, तशीच ही मोजदाद. दहा काढली होती, दहा परत आली, एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते.

पटाशीने होणाऱ्या जखमांमागे बहुधा दोनच कारणे असतात. एक, लाकूड पक्के न बांधता एका हाताने धरणे आणि दुसऱ्या हाताने त्याच दिशेने हत्यार रेटणे. लाकूड शिकंज्यात आवळले की दोन्ही हात धारेच्या मागे राहतात. दुसरे कारण बोथट धार. बोथट पटाशीला जोर अधिक लावावा लागतो आणि ती सुटली की तेवढ्याच जोराने पुढे जाते. पटाशी घरंगळून खाली पडू लागली, तर तिला झेलण्याचा मोह आवरणे, हे मात्र शिकवूनही पटकन अंगी बाणत नाही. ती पडू द्यावी आणि पाय बाजूला घ्यावा. टेबलाच्या कडेला अर्धा इंच उंचीची पट्टी ठोकली, तर हा प्रसंगच सहसा येत नाही.

तेल पुसलेल्या चिंध्यांबाबतही दक्षता हवी. कोरीव वस्तूंना चकाकी देण्यासाठी जवसाचे तेल पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या, तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. भोवती कोरड्या ढलप्या असतील, तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात.

पेटी, गुंडाळी आणि दमट हवा

काम नसताना हत्यारे ठेवण्यासाठी जाड कापडाची कप्पे शिवलेली गुंडाळी सर्वांत उपयुक्त. कप्प्यांची तोंडे आळीपाळीने विरुद्ध दिशांना ठेवली की एकीची मूठ आणि दुसरीचे पाते शेजारी येते आणि कमी जागेत जास्त हत्यारे मावतात. चामड्याची गुंडाळी दिसायला भारदस्त असली, तरी चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे आणि त्यात मुरलेल्या ओलाव्यामुळे पोलादावर गंज चढू शकतो. ओक लाकडाच्या बंद पेटीतही हाच धोका असतो, कारण त्या लाकडातून आम्लयुक्त वाफा निघत राहतात.

कोकण, गोवा, केरळ आणि बंगालच्या किनारी भागांत पावसाळ्यातील दमट हवेत एका रात्रीतही गंजाचे ठिपके पडतात. हाताच्या घामातील क्षार त्याला हातभार लावतात. ओलसर लाकडात पटाशी रोवून तशीच रात्रभर ठेवणे, हा गंजाला धाडलेला निमंत्रणाचा कागदच होय. ठेवण्यापूर्वी पाते कोरड्या कापडाने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवावा. यासाठी जवसाचे तेल वापरू नये. ते वाळून चिकट थर धरते. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवता येतात, परंतु त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात, अन्यथा त्यांचा उपयोग उरत नाही.

महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, हत्यारांची पूजा होते. दक्षिणेत हीच आयुधपूजा, तर उत्तरेत आणि बंगालमध्ये सप्टेंबरच्या मध्यास विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी सगळी हत्यारे बाहेर निघतात, पुसली जातात आणि ओळीने मांडली जातात. पावसाळ्याच्या अखेरीस येणारे हे दिवस गंज तपासण्याच्या दृष्टीनेही अगदी योग्य वेळी येतात. मुठी सैल झाल्या आहेत का, कोणते पाते झिजून आखूड झाले, कोणते बेपत्ता आहे, हे त्या मांडणीत एका नजरेत दिसते. ठशांचा तक्ता असेल, तर तो याच दिवशी नव्याने घेता येतो. वर्षभर दगडावर घासल्यामुळे गोल पटाशीच्या धारेचा आकार थोडा बदललेला असतो.

हस्तकला मेळाव्यांसाठी कारागिरांना वरचेवर प्रवास करावा लागतो. हरियाणातील सूरजकुंडच्या मेळ्यासारख्या ठिकाणी प्रेक्षकांसमोर कोरून दाखवायचे, तर हत्यारे बरोबर न्यावीच लागतात. अशा वेळी बाटलीच्या बुचाचा तुकडा प्रत्येक धारेवर खोचला किंवा सायकलच्या जुन्या रबरी नळीचे लहान तुकडे पात्यावर चढवले, तर धारही राखली जाते आणि पिशवीही फाटत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी ही गुंडाळी विमानतळावर जमा करायच्या सामानातच ठेवावी. हातातील पिशवीत पटाश्या सापडल्या, तर सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांचा निरोप घ्यावा लागतो.